बिनगाठीचा पूल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती ते विचारू नका, मोजणारे सगळे मरून गेले. पोरांनो, पुढे सरका. आणि पोरांच्या मागे बसून, आपलं काही लक्षच नाही असं दाखवणाऱ्या थोरांनो, तुम्हीही सरका. तुमचे कान मला इथून दिसतात.

एक होती नदी. खोल दरीतून धावायची. दोन काठांमधलं अंतर एका हाकेचं, पण पाण्याला ओढ अशी, की हत्ती घातला तर त्याची शेपटीही परत मिळू नये. नदीच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरं. दोन्हीकडचे लोक स्वतःला अलीकडचे म्हणायचे आणि समोरच्यांना पलीकडचे. त्यात खोटं कोण बोलत होतं, ते त्या नदीलाच ठाऊक.

आपल्या गोष्टीतली बाई ज्या काठावर राहायची, त्याला आपण अलीकडचा काठ म्हणू. बाईचं नाव येसाक्का. धंदा दोर वळायचा. केकताडाची पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, त्यातला वाख, म्हणजे आतले धागे, धुऊन उन्हात टाकायचा आणि मग दिवसभर पिळत बसायचं. तिचे तळहात इतके कडक झाले होते, की भाकरी थापली की भाकरीवर रेघा उठायच्या.

नदीवर दोरांचा पूल होता. खाली पाय टाकायला एक जाड दोर आणि दोन्ही बाजूंना धरायला एकेक. अर्धा पूल अलीकडच्यांनी वळायचा, अर्धा पलीकडच्यांनी, आणि दोन्ही अर्धे बरोबर मधोमध आणून गाठ मारायची, असा रिवाज. ती गाठ म्हणजेच सीमा. गाठीशी एक फळी बांधलेली, तिच्यावर दोन शिपाई, एक या राजाचा, एक त्या राजाचा. जाणाऱ्यायेणाऱ्यानं तिथं थांबायचं, नाव सांगायचं, गाव सांगायचं, खाली नदी घोंघावत असताना बोचकं सोडून दाखवायचं आणि मग पुढं जायचं.

कधीकाळी दोन्ही काठ एकाच राज्यात होते. मग भाऊ भाऊ भांडले, राज्य फुटलं. हत्ती वाटले, घोडे वाटले, तोफा वाटल्या. वाटायला काही उरलं नाही तेव्हा कुणा शहाण्याला सुचलं, की दोराचा पीळही वाटून घ्यावा. फर्मानं निघाली. अलीकडच्यांनी दोर वळताना हात उजवीकडे फिरवायचा, पलीकडच्यांनी डावीकडे. उजवा पीळ ही आमची शान, डावा पीळ ही त्यांची शान. शिपाई येऊन हात बघून जायचे.

आता उलट पिळाचे दोन दोर टोकाला टोक बांधले तर काय होतं, ते दोर वळणाऱ्याला सांगावं लागत नाही. वर भार आला की मधली गाठ गरागरा फिरते आणि दोन्ही दोर एकदमच उकलतात. पूल होळीला बांधायचे आणि आखाड लागायच्या आत तो कोसळायचा. मग अलीकडचे म्हणायचे, डावा पीळ सुटला. पलीकडचे म्हणायचे, उजवा सुटला. पुढच्या होळीला पुन्हा तेच.

येसाक्कानं एकदा अधिकाऱ्याला सांगून पाहिलं होतं. त्यानं विचारलं, आपला पीळ कमी प्रतीचा आहे असं म्हणायचंय का तुला. येसाक्का गप्प बसली. पुढच्या वर्षी सांगावंसं वाटलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आठवलंही नाही. माणूस रोज चुकीचं काम करत राहिला की त्याचे हात दुखायचे थांबतात आणि बाकीचा सगळा माणूस दुखायला लागतो. तिचं तसं झालं होतं.

येसाक्काला एकच मुलगी, हौसा. पूल शाबूत होता अशा एका वैशाखात ती पलीकडे दिली. सासू धुरपदाबाई, तीही दोर वळणारी, अर्थात डाव्या पिळाची. लग्नात वरमाईच्या पानात मोडका पापड पडला. धुरपदाबाईनं तो बाजूला सारला आणि त्या दिवसापासून दोन्ही विहिणींचा अबोला. सगळा गाव म्हणायचा, पापडावरून एवढं काय.

पण पापडाचं निमित्त पुरतं लोकांना. खरं दुखणं वेगळं होतं. गेल्या वर्षी हौसाचं पहिलं बाळंतपण. सुईण होती फक्त अलीकडच्या काठावर, आणि पोरीला माहेरी आणायचं ठरलं त्याच आठवड्यात पूल तुटला. खालच्या उतारावरून वळसा घालून यायचं तर आठ दिवसांची पायपीट. पोर आडवं आलं होतं. ते गेलं. हौसा कशीबशी राहिली. आईच्या मनात आलं, त्यांचा दोर सुटला. सासूच्या मनात आलं, यांचा सुटला. बोललं कुणीच नाही.

यंदा हौसाला पुन्हा दिवस गेले होते. आठवा सरत आला होता. रोज सकाळी ती पलीकडच्या काठावर येऊन उभी राहायची, पोटावर एक हात ठेवून दुसरा वर करायची. येसाक्का इकडून हात वर करायची. हौसाच्या मागे धुरपदाबाई उभी असायची, पाठ करून. मध्ये तुटक्या पुलाची दोन टोकं लोंबायची.

अशात एक दिवस दोन्ही काठांवर नगारे वाजले.

झालं होतं असं, की दोन्ही राजे लढून लढून दमले होते. लढायला माणसं उरली नव्हती. अशा वेळी राजांना सगळं जग एक आहे असं वाटायला लागतं. त्यांनी ठरवलं की अवघ्या पृथ्वीचं एकच राज्य व्हावं आणि त्याची सुरुवात या पुलावरून करावी. अलीकडच्या राजानं आपला कवी पाठवला, पलीकडच्यानं आपला पंडित. नवा पूल बांधायचा, कवीनं इकडून निघायचं, पंडितानं तिकडून, मधोमध गळाभेट आणि जयजयकार. पूल मात्र फर्मानाप्रमाणेच, अर्धा उजवा, अर्धा डावा. नाही तर कुणी किती प्रेम केलं ते कसं कळणार.

कवी मांडवात उभा राहिला. खरं सांगायचं तर चांगलं बोलला. ढगाला कुणी विचारत नाही तू कुठल्या गावचा, म्हणाला. पाखराला वरून रेघ दिसत नाही. पृथ्वी एक अंगण आहे, दारं तेवढी वेगवेगळी. अशी चाळीस कडवी होती. तिसाव्याला लोक पाय बदलून उभे राहायला लागले.

पलीकडून पंडित बोलला. दवंडीवाला एकेक वाक्य नदीवरून ओरडून पोचवत होता. पंडित म्हणाला, माणूस आईच्या पोटातून येतो तेव्हा तो कुणाचीच प्रजा नसतो. प्रजा त्याला नंतर करतात. आणि जे नंतर केलं, ते माणसांना मोडताही येतं.

येसाक्का वाखाच्या भाऱ्यावर बसून ऐकत होती. ते वाक्य तिला कुठेतरी लागलं. जे पोर गेल्या वर्षी गेलं, ते कुणाचीच प्रजा व्हायला राहिलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले. मग उठली आणि कवीपाशी गेली. या मोठ्या माणसांना कळत तर सगळं आहे, तिला वाटलं, मग एवढंसं कळायला काय हरकत.

"महाराज, जग एक आहे म्हणता, मग मधे गाठ कशाला?"

कवी प्रेमानं हसला. म्हणाला, आजी, दोन भिन्न पीळ जिथं भेटतात ती ही गाठ. माझ्या सदतिसाव्या कडव्यात आलंय ते.

"भेटतात तिथंच सुटतात, महाराज."

कवीला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं लगेच लिहून घेतलं. आणि पुलावर चढला.

कवी इकडून निघाला, पंडित तिकडून. दोघंही अंगानं भरलेले, खांद्यावर भरजरी शाली, गळ्यात हार. मधोमध पोचले. गाठीला रेशमी वस्त्र गुंडाळलं होतं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. शिपायांनी सलाम केला. आणि गाठ हलली. आधी हळू, मग भोवऱ्यासारखी.

शिपाई सराईत होते, ते आपापल्या बाजूला कधीच उडी मारून पळाले होते. कवी आणि पंडित मात्र एकमेकांच्या मिठीत होते, त्यामुळे प्रत्येकाचे हात समोरच्याच्या बाजूला होते. गाठ सुटली तसा ज्याच्या हाताला जो दोर लागला तो त्यानं धरला. कवी झोका घेत आपटला पलीकडच्या कड्यावर, पंडित अलीकडच्या. लोकांनी ओढून वर काढलं. हाडं शाबूत होती. हार नदीनं नेले.

आणि अशा रीतीनं, पृथ्वी एक आहे म्हणणारे दोघेही परक्या राज्यात अडकले. राजांचे मांडव त्याच संध्याकाळी उठले. एकही राजा आपल्या माणसाला न्यायला थांबला नाही. कवीला धुरपदाबाईनं घरी नेलं, पंडिताला येसाक्कानं.

पहिले दोन दिवस पंडित नुसता भिंतीकडे तोंड करून पडून होता. तिसऱ्या दिवशी येसाक्का म्हणाली, बसून खाणाऱ्याला माझ्याकडे भाकरी मिळत नाही, वाख विंचरायला या. पंडित आला. हात सोलले त्याचे. पण डोळे होते त्याला, ही त्याची जमेची बाजू. दुपारपर्यंत बघत राहिला, मग म्हणाला, "आजी, कायदा उजव्या पिळाचा आहे. तुम्ही तर हा पदर डावीकडे पिळताय."

येसाक्कानं आधी दाराकडे पाहिलं. शिपाई नव्हता. मग तिनं सांगितलं, की दोर उजवा वळायचा असेल तर त्याचे पदर, म्हणजे आतल्या लडी, आधी डाव्याच पिळाव्या लागतात. डावा उलगडायला बघतो, उजवा त्याला उलगडू देत नाही, म्हणून तर दोर दोर राहतो. सगळंच उजवीकडे पिळलं तर त्याचं सापासारखं वेटोळं होतं. शिपायांना शेवटचं वळण तेवढं दिसतं, आतलं कोण बघतो.

"म्हणजे प्रत्येक उजव्या दोराच्या पोटात डावा आहेच."

"आहेच की. पलीकडे उलटं. धुरपदाच्या दोराच्या पोटात आमचा उजवा बसलाय, पण ती कबूल करायची नाही."

पंडितानं हातातला पदर उलटसुलट करून पाहिला. त्यानं आयुष्यभर एकीवर ग्रंथ लिहिले होते आणि एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, समजा पदर नदीवरून आरपार ताणले. इकडून तुम्ही प्रत्येक पदर उजवीकडे फिरवलात आणि तिकडून त्यांनी सगळ्या पदरांची टोकं एकत्र बांधून डावीकडे फिरवली. एकाच वेळी. तर?

येसाक्कानं हातातला वाख खाली ठेवला.

"तर काय होईल, आजी?"

"दोर होईल," ती म्हणाली. "या काठापासून त्या काठापर्यंत एकच. मधे गाठ नाही."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

येसाक्कानं विंचरलेला वाख उगाच पुन्हा विंचरायला घेतला. मग म्हणाली, "माहीत होतं. पण त्यासाठी धुरपदाला हाक मारावी लागली असती."

हे बोलली आणि तिच्या हातातलं काम थांबलं. गेल्या वर्षी हे तिला माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षीही होतं. राजांनी पीळ वाटला हे खरं, फर्मान काढलं हे खरं. पण एक हाक मारायला कुठल्या फर्मानानं बंदी केली नव्हती. तिनं ती मारली नाही, कारण आधी कुणी बोलायचं हे ठरलं नव्हतं. दुसऱ्याच्या मुठीत आपला गळा असला की माणसाला राग येतो. आपल्याच मुठीत असला की माणूस नुसता दमतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा काठावर आली. तिला आता उभं राहवत नव्हतं, दगडाला टेकली होती. मागे धुरपदाबाई पाठ करून. येसाक्का कड्याच्या अगदी टोकाला गेली. गावातली चार माणसं पाहत होती, पण आता लाजायला वेळ नव्हता. तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले.

"विहीणबाई, पापड मोडका होता. मीच वाढला होता. मुद्दाम."

नदी घोंघावत होती. धुरपदाबाई वळली नाही. येसाक्काला वाटलं, ऐकूच गेलं नसेल. मग तिकडून, पाठ तशीच ठेवून, उत्तर आलं.

"माहीताय. तुमच्या जागी मी असते तर मीबी वाढला असता."

अलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. येसाक्का हसली नाही.  तिनं पुन्हा तोंडाशी हात धरले.

"आन् गेल्या साली दोर माझा सुटला."

धुरपदाबाई आता वळली. म्हातारी होती तीही, येसाक्काला वाटायची त्यापेक्षा फार म्हातारी. ती कड्याच्या टोकाशी आली.

"माझाबी सुटला," ती म्हणाली. "दोन्ही सुटले, येसाक्का."

त्यापुढे त्या दोघी त्या विषयावर जन्मात बोलल्या नाहीत.

कामाला त्याच दुपारी हात घातला. पदर किती घ्यायचे यावरून भांडण झालंच. येसाक्का म्हणाली तीन, दोन आमचे, एक तुमचा. धुरपदाबाई म्हणाली, का म्हणून. शेवटी चार ठरले, दोन इकडचे, दोन तिकडचे. धुरपदाबाईनं पाखरं हाकायची गोफण काढली, दगडाला बारीक सुतळी बांधली आणि अशी भिरकावली की ती येसाक्काच्या खापरी हंड्यावर येऊन पडली. हंडा फुटला. नेम चुकला की साधला, हे धुरपदाबाईनं सांगितलं नाही. सुतळीमागून जाड दोरी, दोरीमागून पदर. चारही पदर नदीवरून ताणले गेले.

शिपाई धावत आले. अलीकडच्यांनी अलीकडचे हात पाहिले, उजवीकडे फिरत होते. पलीकडच्यांनी पलीकडचे पाहिले, डावीकडे फिरत होते. कायद्यात एवढंच लिहिलं होतं. दोन हात एकाच दोराला लागले तर काय करायचं, हे लिहायला कुणी विसरलं होतं. शिपाई थोडा वेळ डोकं खाजवत उभे राहिले, मग सावलीत जाऊन बसले.

पण पहिला दोर फुकट गेला. इकडे सहा बायका, तिकडे सहा, आणि सगळ्यांना दाखवायचं होतं की आपण समोरच्यांपेक्षा चपळ. एका काठानं घाई केली की दोराला अढी पडायची, दुसऱ्यानं दम खाल्ला की पीळ सैल. नदीच्या आवाजात सांगायचं कसं. संध्याकाळी तो सगळा गुंता ओढून घेतला तेव्हा येसाक्का त्याच्यावरच बसून राहिली. पलीकडे हौसा दगडाला टेकूनच होती. तिनं आज हात वर केला नव्हता.

पलीकडे कवी चाळीस कडव्यांचा कागद घेऊन धुरपदाबाईकडे आला. म्हणाला, मी म्हणतो, तुम्ही फिरवा. धुरपदाबाईनं ऐकून घेतलं. ढगावर हात फिरत नाहीत, म्हणाली. पाखरावर फिरत नाहीत. हे काढा, हेही काढा. प्रत्येक कडव्यागणिक कवीचा चेहरा उतरत होता. अडतीस कडवी गेली, मग एकोणचाळिसावंही गेलं. चाळिसाव्यातला शब्दांचा फाफटपसारा धुरपदाबाईनं वाखासारखा ठेचला आणि दोन ओळी राहिल्या:

तिकडून तू, इकडून मी,
मधे कुणाची नाही भूमी.

पहिल्या ओळीला अर्धा फेरा, दुसऱ्या ओळीला अर्धा फेरा. कवीनं खड्या आवाजात म्हटलं, तिकडच्या बायकांनी धरलं, मग इकडच्या बायकांनी. त्या ओळी नदीच्या आवाजावरून जात होत्या, कारण अठरा तोंडं त्या एकदम म्हणत होती. बारा वळणाऱ्या, स्वतः कवी आणि पाच बघे, ज्यांना गप्प बसवेना. पंडिताला येसाक्कानं चार पदरांच्या मध्ये उभं केलं. काम एकच, पदर एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत, वेळ येईपर्यंत वेगळे धरायचे. पंडित म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या लायकीचं काम मिळालं.

तीन दिवसांत तीन दोर झाले. तिसऱ्या दिवशी कुणाच्या आवाजात सूर उरला नव्हता. नुसतं पुटपुटत होते, पण ताल सुटला नाही. येसाक्काच्या तळहातांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोड आले.

चौथ्या दिवशी सकाळी हौसा पुलावर चढली. डोली नको म्हणाली, पायीच येते. मागे धुरपदाबाई, सुनेच्या कमरेला एका लुगड्याचं टोक बांधून, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. येसाक्का इकडच्या खांबाला धरून उभी. 

मधोमध आल्यावर हौसा थांबली. सगळ्यांना वाटलं, कळ आली की काय. तसं नव्हतं. तिथं थांबायची पायांना सवय होती. ती पायानं दोर चाचपत होती, गाठ कुठं आहे ते बघत होती, नाव सांगायला. गाठ नव्हती. विचारायला कुणी नव्हतं. तिनं एकदा मागे सासूकडे पाहिलं, एकदा पुढे आईकडे, आणि मग चालू लागली.

पूल ओलांडल्यावर तिसऱ्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी झाली. याही वेळी पोर आडवंच होतं. सुईण म्हणाली, ही पलीकडेच अडकली असती तर मी काही करू शकले नसते. दोन्ही आज्या दाराबाहेर एकाच उंबऱ्यावर बसल्या होत्या. पहिलं रडणं त्यांनी ऐकलं. त्या इतक्या दमल्या होत्या, की तिथंच एकमेकींच्या खांद्याला टेकून झोपून गेल्या.

कवी आणि पंडित आपापल्या घरी जायला निघाले तेव्हा पुलावर पुन्हा समोरासमोर आले. या वेळी मिठी मारली नाही. एकमेकांना "जपून" म्हणाले आणि अंग चोरून पुढे गेले. अलीकडच्या राजानं कवीला विचारलं, एका पृथ्वीचं महाकाव्य कुठाय. त्यानं दोन ओळी म्हटल्या, तर त्याचं दरबारातलं आसन गेलं. पंडित दरबारात जाऊन म्हणाला, मला आणखी काही लिहायचं नाही, होळीला मला रजा पाहिजे. त्याचंही गेलं.

पुढे राजांनी सीमा शोधायला माणसं पाठवली. दोघांनी दोन्ही टोकांकडून पावलं मोजली, पण एकाचा पाय मोठा, एकाचा लहान, मध्य काही जुळेना. एक जण चिडला. तलवार काढून म्हणाला, आमचा अर्धा कापून नेतो. येसाक्का म्हणाली, खुशाल कापा, पण तुमचाच तेवढा कापा, त्यांचा राहू द्या. त्यानं वाकून दोरात आपला अर्धा शोधला, सापडेना. मग त्यानं तलवार म्यानात घातली आणि निघून गेला.

आता थोरांनो, तुम्हाला वाटेल की राज्यं एक झाली असतील. छे. दोन राजे तसेच बसले, दोन झेंडे तसेच फडकले, पिळाचं फर्मान अजूनही भिंतीवर टांगलेलं आहे. वाखाचा दोर वर्षभरात कुजतो. त्यामुळे दर होळीला पुन्हा गोफण, पुन्हा चार पदर, पुन्हा त्याच दोन ओळी. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, यंदा राहू द्या, दमलो. एका वर्षी खरंच सगळ्यांनी राहू दिलं. आखाडात पूल गेला आणि वर्षभर माणसं दोन काठांवर उभी राहून एकमेकांना हात वर करत राहिली. त्यानंतरच्या होळीला कुणी भाषण केलं नाही. कुरकुरत आले, वाख उचलला आणि फिरवायला लागले.

बोध एवढाच: सगळं जग एक आहे हे म्हणायला एक तोंड पुरतं, पण ते एक राहावं म्हणून दोन्ही काठांवरचे दमलेले हात दर वर्षी एकाच वेळी फिरावे लागतात.